ताट, डबा आणि मनःस्थिती

(हीरक महोत्सवी वर्षातील पालक व माजी विद्यार्थी मेळाव्यात मुख्याध्यापिकांनी केलेले भाषण)



हीरक महोत्सवाच्या व्यासपीठावरून मुख्याध्यापिकेने शाळेचा इतिहास सांगावा, दहावीचे निकाल सांगावेत आणि शेवटी इमारत निधीचे आवाहन करावे, असा संकेत आहे. ही तिन्ही कामे माझ्यापूर्वीच्या वक्त्यांनी माझ्याहून उत्तम रीतीने केली आहेत. समितीने मला विषय विचारला, तेव्हा मी ‘मुलांचे जेवण आणि त्यांचे मन’ असे सांगितले. समितीतील एका ज्येष्ठ सदस्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिले आणि विचारले, “बाई, आपण मराठी शिकवता ना?”

मी मराठीच शिकवते. एम. ए. ला मी संतसाहित्य घेतले होते, आहारशास्त्र नव्हे. तेव्हा आजचे माझे बोलणे हे वैद्यकाचे बोलणे नाही. इतकी वर्षे वर्गात उभे राहून जे पाहिले आणि ते का घडते हे समजून घेण्यासाठी जे वाचले, त्यातून ते आले आहे. त्याचे मूळ माझ्या हातून घडलेल्या एका चुकीत आहे. म्हणून ती आधी सांगते.

वीस-बावीस वर्षांपूर्वी मी नववीची वर्गशिक्षिका होते. आपली शाळा तेव्हाही सकाळचीच, सातची. वर्गात एक मुलगी होती. अक्षर मोत्यासारखे, पाठांतर उत्तम. पहिले दोन तास ती ठीक असे. तिसऱ्या तासापासून मात्र तिचे रूप पालटे. बाकावर डोके टेकून बसणे, शेजारणीशी खेकसून बोलणे, प्रश्न विचारला की तोडून उत्तर देणे. एकदा समास सोडवायला सांगितला, तर “येत नाही” म्हणाली आणि मी काही बोलण्याआधीच खाली बसली. मी तिला वर्गाबाहेर उभे केले. सहामाहीच्या प्रगतिपुस्तकात मी शेरा लिहिला : ‘वृत्ती उद्धट. अभ्यासाकडे लक्ष नाही. पालकांनी दखल घ्यावी.’

पुढे महिन्याभराने ती प्रार्थनेच्या वेळी कोसळली. आपल्या शाळेतल्या मावशींनी तिला सावलीत आडवे केले, साखरपाणी दिले आणि तिच्या केसांवरून हात फिरवत विचारले, “सकाळी काय खाल्लंस गं?” अख्ख्या वर्षात हा प्रश्न मला सुचला नव्हता. मुलगी म्हणाली, “चहा.” मग एकेक गोष्ट बाहेर आली. आई पहाटे पाचला स्वयंपाकाच्या कामांना जाई. मुलगी चहा करून धाकट्या भावाला उठवी, रात्रीच्या उरलेल्या पोळ्या त्याच्या डब्यात भरी आणि स्वतः एका टोस्टवर निघे. मधल्या सुट्टीत मैत्रिणींनी बोलावले तर “भूक नाही” म्हणे. रात्री आठच्या जेवणानंतर तिचे खरे अन्न दुसऱ्या दिवशी दुपारी एक वाजता. सतरा तास. या सतरा तासांना मी ‘वृत्ती’ असे नाव दिले होते.

तो शेरा मी नंतर खोडला नाही. प्रगतिपुस्तक सही होऊन परत आले, तेव्हा खोडता आला असता; पण शिक्षकाचा अहंकार ही मोठी चिवट वस्तू असते. ते प्रगतिपुस्तक आजही त्या घरात कुठेतरी असेल.

त्या दिवसापासून मी एक वही ठेवू लागले. कोणत्या तासाला कोण भांडते, कोण रडते, कोण पेंगते आणि त्याने सकाळी काय खाल्ले आहे, एवढेच त्यात लिहायचे. ही काही शास्त्रीय पाहणी नव्हे. परंतु दोन-तीन वर्षांतच मला एवढे कळले, की ज्याला आपण मुलाचा स्वभाव म्हणतो, त्यातला बराच भाग घड्याळाप्रमाणे बदलतो. आणि स्वभाव काही घड्याळाप्रमाणे बदलत नाही.

हे का होते? आपल्या मेंदूचे वजन शरीराच्या वजनाच्या सुमारे २ टक्के. पण विश्रांतीच्या अवस्थेत शरीर जेवढी ऊर्जा खर्च करते, तिच्यातील सुमारे २० टक्के हा एकटा मेंदू घेतो. वाढत्या मुलांत हा वाटा आणखी मोठा असतो. त्याचे नित्याचे इंधन म्हणजे रक्तातील ग्लुकोज, आणि त्याची साठवण मेंदूजवळ जवळजवळ नसतेच. रक्तातली साखर खाली उतरू लागली, की शरीर ती वर आणण्यासाठी जी संप्रेरके सोडते, त्यांत ॲड्रिनलिन असते. भीती वाटली की जे स्रवते, तेच हे. हात कापणे, छातीत धडधडणे, घाम, चिडचिड. मुलाला भूक लागली आहे हे त्याला स्वतःला कळतच नाही. त्याला एवढेच कळते, की शेजारचा मुलगा आज फार त्रास देतो आहे.

“बाई, मग आमची मुले तर पोटभर नाश्ता करून येतात,” असे पालक म्हणतात. खरे आहे. आपण इंदूरकर उपाशी घराबाहेर पडणारी माणसे नव्हेत. आता मी ज्या विषयाला हात घालते आहे, त्यावरून या गावात माणसे दुरावू शकतात, याची मला कल्पना आहे. पोहे-जलेबी. बडीशेप घातलेले वाफाळते पोहे, वर शेव, वर जिरावण, आणि शेजारच्या कागदावर गरम जलेबी. मी स्वतः रविवारी हे खाते आणि पुढेही खाणार आहे. परंतु या नाश्त्यात आहे काय, ते पाहू. पोहे म्हणजे तांदूळ. जलेबी म्हणजे मैदा आणि पाक. दोन्ही कर्बोदके, दोन्ही चटकन पचणारी. शेवेत बेसन असते हे कबूल, पण ती चिमूटभर आणि तेलात न्हालेली. असा नाश्ता केल्यावर रक्तातील साखर वेगाने चढते, तिला आवरण्यासाठी इन्शुलिनही भरपूर स्रवते, आणि दोन-तीन तासांत अनेकांच्या बाबतीत साखर पूर्वीपेक्षाही थोडी खाली जाते. शाळेच्या वेळापत्रकात हा नेमका तिसरा-चौथा तास. माझ्या वहीतली सगळ्यांत जास्त भांडणे याच तासांना नोंदलेली आहेत.

गोड खाल्ले की मन प्रसन्न होते, अशी आपली समजूत आहे. २०१९ साली साखर आणि मनःस्थिती यांवरील ३१ प्रयोगांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. त्यात मनःस्थिती सुधारल्याचा पुरावा सापडला नाही. उलट खाल्ल्यानंतरच्या पहिल्या तासाभरात थकवा वाढल्याचे आणि सावधपणा उणावल्याचे दिसले. तसेच, गोड खाऊन मुले उधळतात ही आपल्या आयांची आवडती तक्रारही प्रयोगांत टिकलेली नाही. वाढदिवसाला मुले उधळतात ती वाढदिवस असतो म्हणून. केकवर दोष कशाला?

याच नाश्त्यात मूठभर भाजलेले शेंगदाणे, वाटाणे किंवा मोडाची मटकी पडली, सोबत वाटीभर दही किंवा एक पेला दूध आले, ज्यांच्या घरी चालते त्यांच्याकडे एक उकडलेले अंडे आले, तर चित्र पालटते. प्रथिने आणि स्निग्धांश यांच्यामुळे अन्न जठरातून सावकाश पुढे सरकते, साखर हळूहळू रक्तात येते आणि दुपारपर्यंत पुरते. मूठभर, म्हणजे ३० ग्रॅम शेंगदाण्यांत सुमारे ७ ग्रॅम प्रथिने असतात. एका अंड्यात ६. पेलाभर दुधात ६ ते ७. यासाठी कोणतीही महागडी पावडर विकत आणावी लागत नाही. अलीकडे काही पालक मुलांना ती पावडर देतात आणि डब्यात मात्र बटाट्याच्या काचऱ्या देतात, म्हणून हे मुद्दाम सांगते.

डब्याचा विषय निघालाच आहे, तर एक हिशेब मांडते. सरकारी शाळांतील मध्यान्ह भोजनाचा नियम असा, की पहिली ते पाचवीच्या मुलाला एका वेळच्या जेवणातून ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिने मिळाली पाहिजेत. सहावी ते आठवीच्या मुलाला ७०० कॅलरी आणि २० ग्रॅम. प्रत्यक्षात काय मिळते, तो वादाचा विषय असेल. पण कागदावर तरी कोणीतरी या मुलांच्या प्रथिनांचा विचार केला आहे. आता आपल्या मुलांचा डबा उघडू. दोन लहान पोळ्या, बटाट्याची भाजी, कधी साखरांबा. सगळे मिळून प्रथिने ६-७ ग्रॅम. ज्यांना आपण मध्यान्ह भोजनाची गरज असलेली मुले म्हणतो, त्यांच्यासाठी आखलेल्या किमान मापाच्या निम्म्यावर आपला चांगल्या घरातला डबा येऊन थांबतो. हे मी कुणाला हिणवण्यासाठी सांगत नाही. माझ्या मुलाच्या डब्यात मीही वर्षानुवर्षे हेच दिले. तो रोज पोळीचा लाडू करून आणीत असे आणि मी स्वतःवर खूश असे.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली भारतीयांसाठी आहाराची नवी मार्गदर्शक सूत्रे काढली. त्यात म्हटले आहे, की दिवसाच्या एकूण ऊर्जेपैकी तृणधान्यांतून ४५ टक्क्यांहून अधिक येऊ नये. आपल्याकडे प्रत्यक्षात ५० ते ७० टक्के येते. पोळी, भात, पोहे, उपमा, साबुदाणा, ब्रेड. नावे निराळी, पण पोटात गेल्यावर बहुतांशी एकाच घराण्याची. डाळी, कडधान्ये, मांस-मासे यांचा वाटा मात्र फारच थोडा. आपले वरण घट्ट असते तेव्हा वाटीत ६-७ ग्रॅम प्रथिने असतात; पाहुणे वाढले आणि वरणात पाणी वाढले, की ती तीनावर येतात. वरणाची वाटी मोजून उपयोग नाही, तिच्यातली डाळ मोजायला हवी.

येथे एका इंदूरकन्येचे नाव घेतल्यावाचून मला पुढे जाता येत नाही. कमला सोहोनी, माहेरच्या भागवत, यांचा जन्म १९११ साली या गावात झाला. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत त्यांनी प्रवेश मागितला, तेव्हा केवळ मुलगी म्हणून सर सी. व्ही. रामन यांनी तो नाकारला. त्यांनी हट्ट सोडला नाही. अटी घालून का होईना, प्रवेश मिळवला, आणि तेथे संशोधन कशावर केले? दूध, डाळी आणि कडधान्ये यांतील प्रथिनांवर. पुढे केंब्रिजला जाऊन १९३९ साली त्यांनी पीएच. डी. मिळवली. विज्ञानात पीएच. डी. मिळवणारी पहिली भारतीय स्त्री ही आपल्या गावची. त्यानंतरही त्या सामान्य माणसाला परवडणाऱ्या अन्नाकडेच वळल्या. नीरेवरचे त्यांचे काम प्रसिद्ध आहे. आपल्या वाचनालयात त्यांचे चित्र लावावे, असा माझा प्रस्ताव गेली दोन वर्षे समितीपुढे आहे. आज अध्यक्ष समोर बसलेले आहेत, म्हणून आठवण करून देते.

डाळीचे महत्त्व केवळ मापाचे नाही. प्रथिने ज्या अमिनो आम्लांची बनलेली असतात, त्यांतील काही शरीराला स्वतः तयार करता येत नाहीत. तांदूळ-गव्हात लायसिन कमी पडते, डाळींत गंधकयुक्त अमिनो आम्ले कमी पडतात. दोन्ही एकत्र आली, की एकीची उणीव दुसरी भरून काढते. वरणभात, खिचडी, इडली, भाजणीचे थालीपीठ, पुरणपोळी, मेतकूट-भात ही जोडी आपल्या आज्यांनी अमिनो आम्लांचे नाव न ऐकता जुळवली होती. तीन भाग धान्याला एक भाग डाळ, हे आज पोषणतज्ज्ञ सांगतात ते प्रमाण. भाजणीत तर डाळी याहून सढळ असत.

आता मनाकडे येते, कारण विषय तोच आहे. मेंदूत मनःस्थितीशी निगडित जी रसायने आहेत, त्यांतील सेरोटोनिन हे ट्रिप्टोफॅन नावाच्या अमिनो आम्लापासून बनते. डोपामिन हे टायरोसिनपासून. म्हणजे या दोघांचाही कच्चा माल प्रथिनांतून येतो. परंतु गोष्ट इतकी सरळ नाही, आणि मला तर ती एखाद्या कथेसारखी वाटते. रक्त आणि मेंदू यांच्यामध्ये एक कडक पहारा आहे. ट्रिप्टोफॅनला आत जायचे, तर इतर अनेक अमिनो आम्लांसोबत त्याच दारातून जावे लागते. राजवाड्यावर संध्याकाळी सिटी बसच्या दारात जशी झुंबड असते, तशी ही झुंबड. आणि ट्रिप्टोफॅन संख्येने सर्वांत थोडे, अगदी गरीब. १९७०च्या दशकाच्या आरंभी फर्नस्ट्रॉम आणि वुर्टमन या अमेरिकेतील संशोधकांनी उंदरांवर प्रयोग करून दाखवले, की कर्बोदके खाल्ल्यावर जे इन्शुलिन स्रवते, ते बाकीच्या अमिनो आम्लांना स्नायूंकडे वळवते. दारातली गर्दी ओसरते आणि ट्रिप्टोफॅनला वाट मिळते. यावरून काही मंडळींनी निष्कर्ष काढला, की मन खिन्न असेल तर नुसता गोड शिरा खावा! पण जेवणात थोडी जरी प्रथिने असली, तरी हा परिणाम जवळजवळ नाहीसा होतो. आणि नुसती कर्बोदकेच खात राहिलो, तर मुळात ट्रिप्टोफॅन येणार कोठून? बसचे दार मोकळे करून काय उपयोग, प्रवासीच घरून निघाला नसेल तर. केळ्यातल्या सेरोटोनिनविषयीही सध्या बरेच काही सांगितले जाते. केळे जरूर खावे. पण त्यातले सेरोटोनिन तो पहारा ओलांडून मेंदूत जात नाही.

म्हणून या तिघांत कोणी एक नायक आणि कोणी एक खलनायक, असे नाही. आज पालकांमध्ये मला दोन टोके दिसतात. एकीकडे पोळीवर पोळी, दुसरीकडे पोळी-भात पूर्ण बंद. आठवी-नववीच्या मुली मधल्या सुट्टीत डब्यातली पोळी बाजूला सारतात. “बाई, कार्ब्स नको,” असे मला इयत्ता आठवीच्या मुलीने सांगितले. तिचे वजन ३८ किलो होते.

या मुलींसाठी एक जुना प्रयोग सांगते. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस, १९४४-४५ साली, अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात ॲन्सेल कीज यांनी ३६ निरोगी तरुण स्वयंसेवकांना सहा महिने नेहमीच्या निम्म्या आहारावर ठेवले. युद्धाने उपाशी पडलेल्या युरोपला पुन्हा अन्नावर कसे आणायचे, हे त्यांना शोधायचे होते. मुलांचे वजन सुमारे चौथ्या हिश्शाने घटले. परंतु त्याहून विलक्षण बदल मनात झाले. हसरी, मनमिळाऊ माणसे एकलकोंडी झाली, चिडू लागली, काही जण खोल खिन्नतेत गेले. कशातच रस उरला नाही, फक्त अन्नात उरला. काही जण तर पाककृतींची पुस्तके जमवू लागले. ही माणसे मुद्दाम पारखून निवडलेली, मानसिकदृष्ट्या खंबीर होती. तरीही पोट रिकामे राहिले, तसा स्वभाव बदलला. मी हे वाचले आणि मला माझी ती नववीतली मुलगी आठवली.

आपल्याच एका मराठी माणसाने या विषयात जगाशी वाद घातला आहे. सातारा जिल्ह्यातील बुधचे डॉ. पां. वा. सुखात्मे, थोर संख्याशास्त्रज्ञ, संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेत अनेक वर्षे होते. गरीब देशांत प्रथिनांचाच दुष्काळ आहे आणि त्यावर प्रथिनांची खास उत्पादने हाच उपाय, असे तेव्हा मोठमोठी माणसे म्हणत होती. सुखात्मे यांनी आकडेवारीने दाखवले, की ज्यांना प्रथिने कमी पडतात, त्यांतील बहुतेकांना मुळात पोटभर अन्नच कमी पडते. आणि अन्न कमी पडले, की शरीर प्रथिनांनाही इंधन म्हणून जाळून टाकते. घरात सरपण संपले तर माणूस लाकडी खुर्ची चुलीत घालील, तसे हे. म्हणून वजन कमी करण्यासाठी पोळी टाकून नुसते पनीर खाणाऱ्या मुलीचे पनीरही बऱ्याच अंशी चुलीतच जाते. आईने “नीट जेव” म्हटले की नाक मुरडू नये, एवढे शास्त्र त्यात नक्की आहे.

स्निग्ध पदार्थांविषयी थोडक्यात सांगते. मेंदूचे पाणी वजा केले, तर उरलेल्या वजनाचा निम्म्याहून अधिक भाग स्निग्धांशाचा असतो. त्यामुळे तूप-तेलाला शत्रू मानणारे जेवण मुलांच्या कामाचे नाही. दिवसाच्या ऊर्जेपैकी साधारण २० ते ३० टक्के स्निग्धांशातून यावी. मात्र ती सराफ्यातल्या कढईतूनच यावी, असे नाही. जवसाची चटणी, कारळ्याची चटणी, तीळ, अक्रोड, जे खातात त्यांनी मासे. जवसाची चटणी आपल्या ताटात डाव्या बाजूला असायची. ती कधी गेली आणि तिच्या जागी बाटलीतला लाल सॉस कधी आला, हे आपल्या लक्षातही आले नाही.

आता ज्यांच्याविषयी मला खरोखर बोलायचे होते, त्या येथे मागच्या रांगांत बसल्या आहेत. मुलांच्या आया.

पाच-सहा वर्षांपूर्वी माझी स्वतःची अवस्था फार चमत्कारिक झाली होती. लहानसहान गोष्टींवरून मी सहकाऱ्यांवर तुटून पडे. शिक्षकखोलीत मी शिरले की बोलणे थांबे, हे मला जाणवत होते. घरी संध्याकाळी विनाकारण रडू येई. वयाचा भाग, असे मी मानले. पन्नाशीच्या उंबरठ्यावरच्या बायकांना हे वाक्य ऐकायची सवय असते. एके दिवशी मनात आले, की मुलांच्या नाश्त्याची वही ठेवणाऱ्या बाईने स्वतःची वही कधी ठेवली आहे का? आठवडाभर ठेवली. सकाळी चहा आणि दोन टोस्ट. अकराला पुन्हा चहा. दोन वाजता घरी, तीन पोळ्या आणि उरलेली भाजी, वरण संपलेले. संध्याकाळी चहा आणि मूठभर शेव. रात्री भात आणि भांड्याच्या तळाशी राहिलेले आमटीचे पाणी. माझे वजन तेव्हा ५५ किलो. त्या वजनाला शिफारस केलेली प्रथिने किलोमागे ०.८३ ग्रॅम, म्हणजे दिवसाला ४६ ग्रॅमच्या आसपास. माझा हिशेब तिशी गाठता गाठता दमला. घरात डाळ होती, दूध होते, पैसे होते, कोणाची मनाई नव्हती. तरीही मी रोज सर्वांत शेवटी बसून, जे उरे ते जेवत होते, आणि उरते ते बहुधा धान्यच. डाळ आणि दही आधी संपतात.

मी दोन गोष्टी केल्या. डॉक्टरांकडे गेले, रक्त तपासले, त्यात हिमोग्लोबिन कमी निघाले, त्यावर औषध सुरू झाले. आणि सकाळी शाळेत येण्याआधी एक उकडलेले अंडे किंवा दोन मूगडाळीची धिरडी खाऊ लागले; दुपारच्या वरणाची माझी वाटी सकाळीच बाजूला काढून ठेवू लागले. त्या वाटीवर झाकण ठेवताना पहिले काही दिवस मला चोरी केल्यासारखे वाटे. किती विचित्र आहे पाहा. दीड-दोन महिन्यांत संध्याकाळचे रडू थांबले. औषधाने किती आणि वाटीने किती, हे मी सांगू शकत नाही, आणि जो सांगेल त्याच्यावर विश्वासही ठेवू नये. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. या सभागृहात किती असतील? “आईची सारखी चिडचिड असते,” असे मुले निबंधात लिहितात. ते निबंध तपासताना माझ्या लाल पेनाचे हात आता थांबतात.

एक गोष्ट मात्र स्पष्ट करणे माझे कर्तव्य आहे. नैराश्य हा आजार आहे आणि त्याला डॉक्टर लागतो. कुणाच्या घरात एखादे मूल आठवडेच्या आठवडे गप्प असेल, झोप उडाली असेल, जगण्याविषयी नकोसे बोलत असेल, तर त्याला मोडाची मटकी देऊन वाट पाहत बसू नका. त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या. आहाराचा आधार मिळतो, हे खरे. ऑस्ट्रेलियात फेलिस जॅका आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात नैराश्याच्या ६७ रुग्णांचे दोन गट केले. एका गटाला १२ आठवडे आहारतज्ज्ञाची मदत दिली, दुसऱ्याला तेवढाच वेळ गप्पांची सोबत. पहिल्या गटातले ३२ टक्के आजारातून बाहेर आले, दुसऱ्यातले ८ टक्के. कडधान्ये, भाज्या, फळे, मासे, सुकामेवा, ऑलिव्ह तेल असा तो आहार होता. परंतु प्रयोग लहान होता, आपण कोणत्या गटात आहोत हे रुग्णांना माहीत होते, आणि त्यातील बहुतेक जण आधीपासून औषध किंवा समुपदेशन घेत होते व ते त्यांनी चालूच ठेवले होते. आहार हा उपचारांच्या जोडीला होता. उपचारांऐवजी नव्हता.

शाळेपुरते आम्ही काय ठरवले आहे, ते सांगून थांबते. येत्या सत्रापासून मधली सुट्टी दहा मिनिटांनी लवकर, म्हणजे दुसरा तास संपताच होईल. त्यासाठी वेळापत्रक बसवताना पर्यवेक्षिकाबाईंनी जो त्रास सोसला, त्याबद्दल त्यांचे आभार. पहिली ते चौथीच्या वर्गशिक्षिका मुलांबरोबर बसूनच डबा खातील. शिक्षकखोलीत भाजलेले चणे-शेंगदाण्यांचा एक डबा कायम भरलेला राहील. ज्याने सकाळी काही खाल्लेले नाही, त्याने कारण न सांगता त्यातून मूठभर घ्यावेत. तो डबा माजी विद्यार्थी संघाने वर्षभरासाठी भरून देण्याचे कबूल केले आहे. आणि प्रगतिपुस्तकात वर्तनाचा प्रतिकूल शेरा लिहिण्याआधी वर्गशिक्षकाने मुलाशी एकदा बोलावे आणि “सकाळी काय खाल्लेस?” हे विचारावे, असा नियम मी केला आहे. मावशी आता निवृत्त झाल्या आहेत. त्या आज पहिल्या रांगेत बसल्या आहेत. हा नियम त्यांचा आहे.

मागच्या पटांगणात पाने मांडून झाल्याची खूण मला केव्हाची होते आहे. आज मसालेभात आहे, मोडाच्या मटकीची उसळ आहे, काकडीची कोशिंबीर, जवसाची चटणी आणि श्रीखंड आहे. वरण घट्ट ठेवण्याची ताकीद आचाऱ्यांना सकाळीच दिली आहे. पहिली पंगत आयांची आहे. वाढायला बाबा मंडळी आणि माजी विद्यार्थी आहेत. आपण सर्वांनी उठावे, ही विनंती.